कोविडचा रिपोर्ट नसला तरी बालसंगोपनचा अर्ज करता येतो

कोविडमध्ये आई-वडील दोघंही गेले असतील तरच मुलांना मदत मिळते, असं अजूनही कित्येक घरांत धरून चालतात. ते खरं नाही: एकच पालक गेला असला, तरी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मुलाला दरमहा पैसे मिळतात. या गैरसमजापायी ते हक्काचे पैसे बुडतात.

दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद झाली होती. राज्य सरकारने जून 2021 मध्ये अशा मुलांच्या नावे 5 लाखांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. केंद्राच्या ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ या योजनेत अशा मुलांना वयाच्या तेविसाव्या वर्षी 10 लाख रुपये मिळतात, त्यासाठी मृत्यू 11 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 या काळातला हवा होता. दोन्हीकडे मृत्यू कोविडनेच झाला, हे कागदावर दाखवावं लागलं. ज्यांचा माणूस तपासणीआधीच घरी वारला, त्यांनी काय दाखवायचं?

त्यांच्यासाठी, आणि एकच पालक गेलेल्या मुलांसाठी, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. ती कोविडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. वडील किंवा आई कशाने गेले, यावर इथे पात्रता ठरत नाही. मूल 18 वर्षांच्या आतलं हवं आणि संस्थेत नव्हे, तर घरात किंवा नातेवाइकांकडे राहणारं हवं. 2023 मध्ये रक्कम दरमहा 1,100 वरून 2,250 रुपये झाली. आजच्या महागाईत ही रक्कम मोठी नाही, पण वह्या-पुस्तकं आणि रिक्षाचं भाडं त्यातून निघतं.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो आणि तिथेच द्यायचा. सोबत मुलाचं व पालकाचं आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. आणखी एक फोटो बहुतेक जण विसरतात: मूल आणि सांभाळणारा पालक राहत्या घरासमोर उभे आहेत असा. कोविडचा रिपोर्ट असेल तर जोडा, नसेल तर अडून राहू नका.

कागद देण्याआधी नावं ताडून पाहा. आधारवर ‘सार्थक संजय’ आणि बोनाफाईडवर नुसतं ‘सार्थक’ असेल, तर आधी शाळेतून दुरुस्त दाखला घ्या. मुलाचं खातं आधारशी जोडलेलं असू द्या.

पुढे गृहभेट होते आणि बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. मंजुरीचा आदेश हीच समिती देते. विधवा आईला तिथे उभं राहताना संकोच वाटतो; सोबत दीर, भाऊ, अंगणवाडीताई, कुणीतरी जा. अर्जाला फी नाही, त्यामुळे एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अर्ज दिल्याची पोच मात्र सही-शिक्क्यासह मागून घ्या.

आदेशावर मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी नवं बोनाफाईड जोडून नूतनीकरण करा, नाहीतर हप्ते थांबतात. कुठे जायचं हेच कळत नसेल, तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा.