पार्श्वभूमी : एकाच ताटाचे दोन हिशेब

इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १८४३ साली गव्हाचा प्रयोग लावला आणि १८५६ साली कुरणाचा. दोन्ही अजून चालू आहेत. धान्य एका रानात, गवत दुसऱ्यात, असा तिथला रोखठोक कारभार. पुण्यात तो चालण्यासारखा नव्हता. इथल्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या एकाच ताटावर घरची भाकरी आणि बैलांची वैरण दोन्ही अवलंबून.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतीचा वर्ग १८७९ मध्ये निघाला. स्वतंत्र कृषी महाविद्यालय १९०७ चं, आणि त्याचे प्राचार्य हॅरल्ड मॅन. पिंपळे सौदागरच्या शेतकऱ्यांचा जमाखर्च घरोघर जाऊन मांडणारा हा माणूस, त्यामुळे प्रयोग कॉलेजच्या फाटकाच्या आत अडकून पडले नाहीत. गवताचं काम वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांच्याकडे. कुळकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९२५ मध्ये गवतं आणि गायरानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारवेल, पवना ही गवतं जनावरांच्या आवडीची. कुसळी मात्र फुलोऱ्याआधीच कापायची, नाहीतर तिची कुसळं गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. हे कुठल्याही धनगराला ठाऊक होतंच, सरकारी कागदावर उशिरा आलं इतकंच.

खरी ओढाताण ज्वारीत. १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीला शेती खात्याच्या कानिटकरांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालवले. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा नांगरट, शेणखत, वारंवार कुळवणी, आणि बी कमी टाकून दोन ओळींत १८ इंच अंतर. पाणी कमी, म्हणून ताटं कमी. हिशेब सरळ आहे. पण विरळ पेरलेलं ताट जाड होतं आणि जनावर बुडखा टाकून देतं. वैरणीसाठी कडवळ करायचं तर हीच ज्वारी दाट पेरतात. म्हणजे दाण्याची शिफारस गोठ्यात जाऊन अडते. प्रयोगाच्या तक्त्यापेक्षा हा पेच शेतकऱ्याला आधी दिसला असणार, असं मला वाटतं.

वाणांच्या तुलनेचीही अडचण होतीच. एकाच वावरात इकडे मुरूम, तिकडे हातभर काळी. चांगल्या तुकड्यावर पेरलेलं वाण जिंकणारच. १९१९ मध्ये रॉथम्स्टेडला आलेल्या संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटण्याची रीत घालून दिली. पुढे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले पां. वा. सुखात्मे आणि पानसे यांनी तोच विचार पीक कापणी प्रयोगांत आणला, आणि नजरेनं ठरणाऱ्या आणेवारीला आकड्यांचा पर्याय मिळाला.

मोहोळला स्थानिक ज्वारीतून १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ दाणा आणि कडबा दोन्ही बाजूंनी खरी उतरली. १९६४ मध्ये खरिपासाठी सीएसएच-१ हे बुटकं संकरित वाण आलं. दाणा भरघोस, पण पावसात काळा पडणारा, आणि कडबा आखूड. रब्बीच्या शेतकऱ्यानं मालदांडी सोडली नाही. आता रब्बी ज्वारीचं नवं वाण पुढे आणताना धान्याच्या क्विंटलशेजारी कडब्याचाही आकडा द्यावा लागतो.