रांगोळीचा नकाशा जीआयएसवर ताणून बसवू नका

दरवर्षी विकास अभ्यासाचे चार-दोन प्रबंध वाचायला येतात, आणि एक पान ठरलेलं असतं: गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीसारख्या काढलेल्या नकाशाचा फोटो, शेजारी उपग्रहाची प्रतिमा, खाली वाक्य, ‘सहभागी नकाशा जिओरेफरन्स करून अचूक केला.’ म्हणजे गावकऱ्यांचा नकाशा ताणून खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवला. तिथून पुढची पानं मी जरा कमी भरवशानं उलटतो.

जीआयएसबद्दल, म्हणजे संगणकावर जागेनुसार माहिती मांडणाऱ्या नकाशाप्रणालीबद्दल, फार सांगत नाही, ते तुम्हाला येतं. फक्त एवढं लक्षात ठेवा, की सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमेतला बारीकात बारीक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत बरोबर १ आर. कपाशीत तुरीची तासं किती, हे त्याला विचारू नका. बाकी जीआयएसच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे किती मीटर, हे गावाच्या या टोकाला आणि त्या टोकाला सारखंच.

रांगोळीच्या नकाशात ते सारखं नसतं. सगळा घोळ इथे आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात बायकांनी समाजमंदिरासमोर नकाशा मांडला. घरांना खडे, रस्त्यांना पऱ्हाटीच्या काड्या, नाल्याला राख, विहिरीला फुटकी बांगडी. बांगडी त्यांनी पार अंगणाच्या कडेला नेऊन ठेवली. किराणा दुकान मात्र घरांना खेटून. माझ्यासोबतच्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर पाहिलं, तर विहीर वस्तीपासून तीनशे मीटर आणि दुकान साडेचारशे. त्यानं वाकून बांगडी आत सरकवली. एक आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पान्याच्या दिवसांत भरले गुंड घेऊन ये बाबू एकडाव, मंग सांग जवळ हाय का दूर.”

वाट पांधणीची, माती काळी. श्रावणात पाय रुततो तो घोट्यापर्यंत नाही, पोटरीपर्यंत. हे आजींनी लगेच सांगितलं. दुसरं कारण मात्र तासाभरानं, बांगडी परत कडेला ठेवल्यावर निघालं: वाटेत एक वाडा लागतो, आणि तिथल्या ओट्यावरून या वस्तीच्या बायकांना जे ऐकावं लागतं, त्यामुळे त्या पहाटे तरी जातात नाहीतर लांबून वळसा घालून. त्या नकाशातलं अंतर चिखल, ओझं आणि ओट्यावरचं बोलणं धरून मोजलेलं होतं. विद्यार्थ्यानं जी चूक म्हणून दुरुस्त केली, तीच आमची माहिती होती.

म्हणून नकाशाच्या फोटोखाली कोणी काढला, कुठे बसून काढला आणि तेव्हा कोण उभं होतं, एवढं तरी लिहा. त्याच गावात पुरुषांनी पारावर काढलेल्या नकाशात बसथांबा ठळक होता आणि ही विहीर नव्हतीच. ‘गावाचा नकाशा’ असं नुसतं लिहिलेलं मला चालत नाही.

मग आकडे कुठे येतात? ट्रायंग्युलेशन म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणं; ‘ट्रायंग्युलेशन केलं’ म्हणजे रांगोळी, जीआयएस आणि प्रश्नावली या तिन्ही पद्धतींतून एकच उत्तर आलं, असं मुलं समजतात. इथे तर उत्तरं जुळली नाहीत, आणि त्या फरकावरूनच आम्ही प्रश्नावली बदलली. ‘पाण्याचा स्रोत किती मीटरवर?’ हा प्रश्न काढून ‘एका खेपेला किती मिनिटं लागतात, चैत्रात किती आणि श्रावणात किती?’ असा घातला, आणि घर न् घर विचारलं. ती मिनिटं मग घरांच्या जीपीएस बिंदूंवर चढवली. मीटरनं जवळजवळ सारख्याच अंतरावरच्या दोन वस्त्या मिनिटांत वेगळ्या पडल्या. चैत्रातही. चैत्रात चिखल नसतो, त्यामुळे वाड्याची गोष्ट एकट्या आजींची नव्हती हे तिथे दिसलं. यात रांगोळी ताणून बसवायची गरज कुठेच पडली नाही.

तोंडी माहिती जीआयएसवर नेऊच नये, असं मी म्हणत नाही. हद्दीची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून धरला जातो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा दाव्यात म्हातारी माणसं पुढे, जीपीएसवाला मागे, आणि नाला, टेकडी, देवाची जागा करत हद्द चालत नोंदवता येते. तिथे नोंद होते ती पायाखालच्या जागेची. अंगणातलं चित्र स्कॅन करून चार कोपरे खेचणं हा वेगळा उद्योग आहे, आणि त्याला सॉफ्टवेअर कधीच नाही म्हणत नाही.

जाता जाता आणखी एक, कारण गेल्याच महिन्यात पुन्हा पाहिलं. सर्वेक्षक गावठाणात, अंगणात उभा राहून बिंदू घेतो आणि ‘शेतकरी’ म्हणून नोंदवतो. मग कोणीतरी तो बिंदू खारपाणपट्ट्याच्या भूजल नकाशावर टाकून या माणसाच्या ओलिताचं पाणी खारं ठरवतो. अहो, तो राहतो तिथे. त्याचं वावर शेजारच्या शिवारात, नाल्याच्या वरच्या अंगाला असू शकतं. गट नंबर विचारा, जमलं तर धुऱ्यावर जाऊन दुसरा बिंदू घ्या. अर्धा दिवस जास्त जातो. जाऊ द्या.