दोन आसनी किट-विमान: आधी शेपटी बांधा, बाकीचे मग मागवा

किट-विमान म्हणजे सुटे भाग मागवून स्वतः जोडायचे विमान. आमच्या कार्यशाळेत त्याच्या चौकशीला येणारे बहुतेकजण पहिल्यांदा एकूण खर्च विचारतात. आकडा सांगण्याआधी आम्ही त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, ड्रिल आणि रिव्हेटगन देतो. तासाभरात त्यांना स्वतःलाच कळते की हे काम आपल्याला आवडणार आहे की नाही. इंदूरच्या ग्राहकांना आमचे आग्रहाचे सांगणे एकच आहे: सगळे किट एकदम मागवू नका.

मोठे किट-निर्माते विमान टप्प्याटप्प्याने विकतात. शेपटी, पंख, धड, इंजिन आणि उपकरणे यांचे संच वेगवेगळे मिळतात. अमेरिकेतील झेनिथ कंपनी मिसुरीतल्या आपल्या कारखान्यात होतकरू ग्राहकांकडून आधी फक्त रडर, म्हणजे शेपटीचा दिशा वळवणारा भाग, बांधून घेते. आमच्या शनिवारच्या वर्गाची पद्धत तिथूनच घेतली आहे.

पहिल्यांदाच बांधणाऱ्याला आम्ही बहुधा व्हॅन्स या अमेरिकी कंपनीचे आरव्ही-12 सुचवतो. त्याच्या पत्र्यांना कारखान्यातच भोके पाडलेली असतात, त्यामुळे भाग जागेवर धरून ठेवणारा मोठा साचा (जिग) उभारावा लागत नाही. रिव्हेट बहुतेक एका बाजूने ओढायचे असल्याने एकट्याने काम होते. पंख काढता येतात, म्हणून सुदामानगरच्या घरातले गॅरेजही पुरते आणि विमान हँगरपर्यंत ट्रेलरवर नेता येते. पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन 600 किलो, रिकाम्याचे सुमारे 340. ऐंशी-ऐंशी किलोची दोन माणसे बसली आणि 75 लिटरची टाकी भरली, की सामानासाठी फारसे काही उरत नाही. म्हणून जाड गाद्या, जादा रंग, आणखी एक स्क्रीन असे हौसेने चढवण्याआधी तराजू आठवा.

हाताचे कौशल्य शिकता येते. खरी परीक्षा सातत्याची आहे. अशा विमानाला साधारण 700 ते 900 तास लागतात. आठवड्याला दहा तास दिले तरी दीड वर्ष सहज जाते, आणि तेही घरच्यांनी मनापासून साथ दिली तर. भोकाच्या कडेची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, काढणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, पण तेच आम्ही सर्वांत कडक तपासतो. राहिलेल्या बरीपाशी ताण साठतो, आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीने तिथूनच पत्र्याला तडा जाऊ शकतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, तारखेसह वहीत नोंद करा. पत्रा बंद झाल्यावर आत काय आहे हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो.

आता उन्हाळ्याबद्दल. परदेशी पत्रकात छापलेली धावपट्टीची लांबी सहसा समुद्रसपाटीची आणि 15 अंश तापमानाची असते. आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ सुमारे 1,850 फूट उंचीवर आहे. मेच्या दुपारी पारा 42 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान जणू साडेपाच हजार फुटांवर उभे असल्यासारखे वागते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेव्हा साधारण 15 टक्क्यांनी घटते. आरव्ही-12 ला बसणारे 100 अश्वशक्तीचे रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन 85 च्या आसपासच देते, शिवाय उचल मिळायला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते. माळव्यात दोघांनी बसून उडायचे असेल तर उन्हाळ्यात पहाटेची वेळच धरा. याबाबत आम्ही कोणालाही सूट देत नाही.

इंधनाचेही तसेच. या इंजिनाच्या निर्मात्याने पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलची मुभा दिली आहे. आपल्या पंपांवर मिळते ते 20 टक्क्यांचे, ते टाकीत घालू नका. अ‍ॅव्हगॅस 100 एलएल हे विमानांचे पेट्रोल चालते, मात्र त्यात शिसे असल्याने ऑइल लवकर बदलावे लागते.

कागदपत्रे शेवटी पाहू, असे म्हणू नका. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी दोन्ही डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, घ्यावी लागतात. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला 2019 उजाडले. त्यांचे विमान किटचे नव्हते, स्वतःच्या आराखड्याचे होते, पण त्यांची चिकाटी प्रत्येक हौशी बांधणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे. किटची ऑर्डर देण्याआधी डीजीसीएशी लेखी पत्रव्यवहार करा. मसुदा लिहायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

आम्ही जागा, हत्यारे, शिकवणी आणि तपासणी देतो. विमान बांधून मात्र देत नाही. अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानेच केलेले असावे लागते. आमच्याकडे सगळेच रिव्हेट तुमच्या हातचे.

शनिवारच्या वर्गाला येताना बंद बूट घाला, वाचायचा चष्मा असेल तर आणा. जो पुढे दीड वर्ष गॅरेजचा आवाज ऐकणार आहे, त्या घरच्या माणसालाही सोबत घेऊन या. दोघांची मिळून फी एकच.