इंजिनाच्या चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वाफेच्या इंजिनाचं चाक अर्धं समजलेलंच असतं. आमच्या यावलकडे लोहार सुतळीनं चाकाचा घेर घ्यायचा आणि धाव मुद्दाम बोटभर तोकडी ठेवायचा. मग गोवऱ्यांचा जाळ. तापलेली धाव सांडशींनी धरून चाकावर टाकली, घणाचे घाव घातले की लगेच पाणी. चर्र व्हायचं, धूर उठायचा आणि सगळे आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, करकचून बसायचे.

बोटभरच का? लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण 0.012 मिलिमीटर वाढतं. 4 मीटरचा घेर 500 अंशांनी तापला तर 24 मिलिमीटर वाढतो. झालं की बोट!

भुसावळच्या लोको शेडमधल्या वाफेच्या इंजिनांची चाकं याच युक्तीची होती. आत पोलादी चाक, त्यावर वेगळा पोलादी टायर. रुळावर घासून झिजायचा तो टायरच, म्हणून तेवढाच बदलायचा. टायरचा आतला व्यास चाकापेक्षा हजारात एक भाग लहान. दीड मीटरच्या चाकाला दीड मिलिमीटर, बस. 250 अंशांनी तापवला की टायर साडेचार मिलिमीटर फुलतो आणि सहज चढतो. इथे पाणी मात्र ओतायचं नाही. लोहाराला लाकूड जळण्याची धास्ती असते. टायरचं पोलाद एकदम थंड केलं तर त्याला तडे जाऊ शकतात. सावकाश निवला की दर चौरस मिलिमीटरला सुमारे 20 किलोचा ताण धरून तो चाकाला आवळून बसतो. इंजिनाची सगळी ओढ चाकातून टायरवर जाते ती मुख्यतः या मिठीच्या जोरावर.

मिठी सुटते ती ब्रेकमुळे. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा घाट 37 ला 1 असा तीव्र. ब्रेकचे ठोकळे टायरवर घासत राहिले की टायर तापून फुलतो, आतलं चाक मात्र थंडच. म्हणून टायरपासून चाकावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवत. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले की टायर फिरला म्हणून समजा. शिवाय हातोडा होताच. घट्ट टायर खणखणीत वाजतो, सैल झालेला बसका. सैल जोडात कंपनाची ऊर्जा घासण्यातच जिरते, आवाज टिकत नाही. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो ती याच भरवशावर. तडा गेलेला माठही असाच बद्द वाजतो.