ज्येष्ठांच्या नर्सिंग होमची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि तपासणीत अडणाऱ्या गोष्टी (महाराष्ट्र)

पाटीवर ‘वृद्धाश्रम’ लिहा, ‘केअर सेंटर’ लिहा की ‘ज्येष्ठ निवास’, कायदा पाटी बघत नाही. आत काय चालते ते बघतो. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 नुसार आजार, इजा किंवा अशक्तपणा असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा केली जाते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, म्हणजेच नर्सिंग होम. यातला ‘अशक्तपणा’ हा शब्द ज्येष्ठांच्या संस्थांसाठी कळीचा आहे. नाकातल्या नळीने अन्न देणे, लघवीची नळी सांभाळणे, बेडसोअरचे (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचे) ड्रेसिंग, इन्सुलिनखेरीज इतर इंजेक्शने, ऑक्सिजन यांतले काही तुमच्याकडे रोज होत असेल, तर ‘आमचा फक्त वृद्धाश्रम आहे’ हा बचाव टिकणे कठीण. चालत्याफिरत्या ज्येष्ठांना निव्वळ निवास आणि जेवण देणाऱ्या संस्थेचा प्रश्न वेगळा.

गोंधळ होतो तो इथेच. बहुतेक संस्थांकडे धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाचे किंवा कंपनीचे नोंदणीपत्र असते आणि तेच फ्रेम करून स्वागतकक्षात लावलेले असते. ते कागद संस्था कायदेशीर अस्तित्वात आहे एवढेच सांगतात. तिथे रात्री नर्स असते की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांना देशभर सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा लागू करण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणून इथे दर्जाचा आधार 1949 च्या कायद्याखालची नोंदणीच. ‘एनएबीएच’ या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन ऐच्छिक आहे. ते असेल तर चांगलेच, पण ते नोंदणीची जागा घेत नाही.

कोण अर्ज करू शकते

मालक स्वतः डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. न्यास, कंपनी किंवा व्यक्ती कोणीही अर्जदार होऊ शकते. अट आहे ती कारभार कोणाच्या हाती यावर: पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिका तिथे निवासी असावी, तिच्याकडे देखरेख असावी आणि शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे प्रमाण योग्य असावे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिहून ही अट पूर्ण होत नाही. जागा, बांधकाम, कर्मचारी किंवा साधने अयोग्य वाटली तरी नोंदणी नाकारता येते.

महापालिका हद्दीत अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो. हद्दीबाहेर असाल तर सुरुवात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून करावी. अर्ज ‘नमुना ब’मध्ये असतो, मंजुरीनंतरचे प्रमाणपत्र ‘नमुना क’मध्ये. शुल्क खाटांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे खाटांचा आकडा सुरुवातीलाच पक्का करा. पंचवीस लिहून तीस टाकल्या की पुढचा प्रत्येक कागद चुकतो.

कागदपत्रे

कार्यालयागणिक यादी थोडी बदलते. तपासणी-यादी आधी मागून घ्यावी. साधारण हे लागतेच:

- जागेचा मालकीहक्क किंवा नोंदणीकृत भाडेकरार, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र
- प्रत्येक खोलीतील खाटा दाखवणारा मजलानिहाय आराखडा
- डॉक्टरांचे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे चालू मुदतीचे नोंदणी प्रमाणपत्र
- प्रत्येक परिचारिकेचे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि संमतीपत्र
- अग्निशमन विभागाचे ना-हरकत
- जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी केलेला करार
- न्यास किंवा कंपनी असल्यास नोंदणीपत्र, घटना आणि अर्ज करण्याचा अधिकार देणारा ठराव

सगळीकडे नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. भाडेकरारात सर्व्हे नंबर, अग्निशमनच्या पत्रात इमारतीचे जुने नाव आणि अर्जात नवे ब्रँडनाव असे झाले की त्रुटीपत्र हमखास येते. परराज्यात शिकलेल्या नर्सची नोंदणी इथल्या परिषदेत आधी करून घ्या. तिचा अर्ज प्रलंबित असल्याची पावती सगळीकडे चालत नाही. आणि मावशींना, अटेंडंटना ‘नर्सिंग स्टाफ’च्या रकान्यात लिहू नका. मावशींशिवाय ज्येष्ठांची संस्था एक दिवस चालणार नाही हे खरे, पण इंजेक्शन आणि औषधवाटप ही त्यांची कामे नाहीत.

अग्निसुरक्षा: सर्वाधिक वेळ इथे जातो

बंगला किंवा निवासी इमारत भाड्याने घेऊन संस्था सुरू करणारे इथे अडकतात. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध व दुर्बलांची निवासस्थाने घरांच्या गटात नाहीत. ती संस्थात्मक इमारतींच्या ‘सी-2’ उपगटात आहेत. भोगवटा ‘निवासी’ असेल तर वापरबदलाची परवानगी आधी, अग्निशमनचा अर्ज नंतर. उलटे केले तर दोन्हीकडून परत पाठवतात.

आग विझवण्याची यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवायची आणि तिच्याकडून ‘नमुना अ’ घ्यायचा. त्यानंतर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचे असते. हा ‘नमुना ब’ 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचा. नोंदणी अर्जाचा ‘नमुना ब’ निराळा. दोघांची अदलाबदल करून फाइल लावणारे कमी नाहीत.

कागदावर सगळे बरोबर असूनही प्रत्यक्षात घात करणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. अंथरुणाला खिळलेले रहिवासी वरच्या मजल्यावर असतात, कारण तळमजल्याच्या खोल्या ‘डिलक्स’ म्हणून विकल्या जातात. विसरभोळे ज्येष्ठ बाहेर जाऊ नयेत म्हणून मागच्या जिन्याला कुलूप असते आणि किल्ली रात्री कोणाकडे ते कोणी सांगू शकत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने न बांधता जिन्याखाली उभे असतात. खिळलेल्यांना शक्यतो तळमजल्यावरच ठेवावे. लिफ्ट आगीच्या वेळी वापरायची नसते, हे एवढे कारण पुरेसे आहे.

तपासणीत काय पाहतात

अधिकारी जागा आणि नोंदवह्या पाहतात. जागेत आधी नजर जाते ती उतार, दार आणि न्हाणीघराकडे. व्हीलचेअरचा उतार 1:12 असावा, म्हणजे 30 सेंमी उंचीच्या ओट्यासाठी 3.6 मीटर लांबी. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी आणि व्हीलचेअर वळायला 1500 मिमी व्यासाची मोकळी जागा. न्हाणीघरातल्या आधारदांड्या भिंतीत पक्क्या रोवलेल्या हव्यात. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारा माणूस दांडीसकट खाली येतो.

नोंदवह्यांत प्रवेश नोंदणी, ड्युटी-पट, औषधतक्ता, रहिवासी पडल्याच्या घटनांची नोंद आणि खिळलेल्यांसाठी कूस बदलण्याचा तक्ता ठेवावा. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, महिनाभराच्या एकदम दिसल्या तर तपासणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्गवारीचे डबे वापरात दिसले पाहिजेत. प्रक्रिया न केलेला जैववैद्यकीय कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि त्याचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत प्रदूषण मंडळाकडे जातो. सुईसारखे टोकदार साहित्य पांढऱ्या, न भेदणाऱ्या डब्यातच.

डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रहिवाशांसाठी स्वतंत्र विभाग काढत असाल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 जरूर तपासा. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकारही येतात, आणि अशा आस्थापनेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. सुरुवातीची तात्पुरती नोंदणी 12 महिन्यांची असते. बांधून ठेवण्याबाबत हा कायदा स्पष्ट आहे: साखळदंड पूर्ण बंद, आणि इतर शारीरिक अटकाव तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरताच. ‘नळी ओढतात म्हणून हात बांधले’ ही सोय आहे, उपचार नव्हे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर, आणि न मिळाल्यास

प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक. त्याची मुदत तिसऱ्या वर्षाच्या 31 मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत नोंदणी झाली तर पहिली मुदत तीन वर्षांहून कमी भरते. नूतनीकरणाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीतच टाका, कारण मार्चमध्ये अग्निशमन आणि प्रदूषण मंडळाकडे सगळ्यांचीच गर्दी असते. जागा किंवा नोंदणीकृत व्यक्ती बदलली तर जुने प्रमाणपत्र पुढे ओढू नये. जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावावे लागते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आले.

नोंदणी नाकारायची किंवा रद्द करायची तर प्राधिकरणाला कारणांसह एका महिन्याची आगाऊ सूचना द्यावी लागते. त्या महिन्यात लेखी म्हणणे मांडा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. अंतिम आदेशाविरुद्ध महिनाभराच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते.

घरच्यांसाठी

प्रवेशाआधी ‘नमुना क’चा फोटो काढा आणि त्यावरचा पत्ता, खाटांची संख्या व मुदत पाहा. मग रात्री आठनंतर एकदा जा आणि ड्युटीवरच्या नर्सचे नाव विचारून ते ड्युटी-पटावर आहे का ते ताडून पाहा. सेवेबद्दलची तक्रार लेखी स्वरूपात नोंदणी देणाऱ्या कार्यालयाकडे करावी. तीत तारीख, वेळ, जखमेचे फोटो आणि औषधतक्त्याची प्रत जोडावी. मारहाण, उपेक्षा किंवा ज्येष्ठाला टाकून देण्याचा प्रकार असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. ज्याच्याकडे देखभाल सोपवली आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही टाकले, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषण व कल्याणाच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 24 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यात नातेवाईकही येतात.