क्राय (स्लाव्हिक शब्द)

स्लाव्हिक भाषांतील एक जुना, सामाईक शब्द. मूळ अर्थ कड, काठ. पुढे टोक, शेवट, प्रदेश आणि देशही.

व्युत्पत्ती : आदिस्लाव्हिकमधल्या ‘क्रोयिति’ (कापणे) या क्रियापदाशी त्याचे नाते लावले जाते. रशियनमध्ये ‘क्रोइत्’ म्हणजे कापड बेतणे. तेव्हा कड म्हणजे जिथे कापले ती जागा. घरगुती शब्दांत हा सुरीचा माग अजून दिसतो. रशियन ‘क्रायूखा’ म्हणजे गोल पावाच्या कडेचा जाड, कडक पापुद्र्याचा तुकडा. चेक ‘क्रायीत्स’ म्हणजे पावाचा काप, तर ‘क्रायका’ म्हणजे कपड्याच्या किनारीला शोभणारी लेस.

अर्थविस्तार : कडेवरून अर्थ कडेच्या आतल्या भूमीवर सरकला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. संस्कृत ‘प्रान्त’ म्हणजेही कड, शेवट. त्याचाच आपण मुलूख केला आणि सरकारी बोलीत तर ‘प्रांत’ हा साहेबच झाला. स्लाव्हिक भाषांनी मात्र वेगवेगळे अर्थ उचलले. सर्बियन चित्रपट संपताना पडद्यावर ‘क्राय’ येते, म्हणजे ‘समाप्त’. पोलिश वृत्तपत्रात हाच शब्द देशांतर्गत बातम्यांच्या पानावर असतो. स्लोव्हेनियनमध्ये तो ‘ठिकाण’ आहे. चेकिया व स्लोव्हाकियात ‘क्राय’ हा प्रशासकीय विभाग असून स्लोव्हाकियात असे ८ आहेत.

रशियात ९ क्राय आहेत. कायद्याने त्यांचा दर्जा ‘ओब्लास्त’ (रशियातला सर्वसाधारण प्रांत) इतकाच, फरक नावापुरता. पूर्वी हे नाव साम्राज्याच्या सीमेकडच्या मुलखाला दिले जाई, पण २००५ मध्ये दोन घटक जोडून झालेला पेर्म क्राय उरल भागात, देशाच्या सीमेपासून दूर आहे.

क्रायिना : सीमेवरचा मुलूख. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांनी उस्मानी तुर्कांविरुद्ध क्रोएशियाच्या बाजूने उभारलेला लष्करी सीमापट्टा ‘व्होयना क्रायिना’ म्हणून ओळखला जाई. तिथला शेतकरीच शिपाई असे. जमीन कसायची आणि बोलावणे आले की शस्त्र घ्यायचे. हा पट्टा १८८१ मध्ये क्रोएशियात पूर्णपणे विलीन झाला.

युक्रेनच्या नावाचा वाद : ‘उक्रायीना’ हा शब्द कीवकडच्या जुन्या इतिवृत्तात ११८७ सालच्या नोंदीत येतो. पेरेयास्लावचा राजपुत्र व्होलोदिमिर ह्लिबोविच वारला आणि त्याच्यासाठी ‘उक्रायीना’ने शोक केला, असे तिथे म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक अर्थ ‘सीमाप्रदेश’ असा लावतात. काही युक्रेनियन अभ्यासक ‘आपला, आतला मुलूख’ असा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिले मत सरळ वाटते. पण सीमाप्रदेश म्हटले की लगेच ‘कुणाची सीमा?’ हा प्रश्न येतो, आणि भांडण खरे तिथे आहे. ११८७ ची ती सीमा मॉस्कोची नव्हती. कीवच्या बाजूने गवताळ स्टेपकडे पाहणारी होती. आजच्या युक्रेनियनमध्ये ‘क्रायीना’ म्हणजे देश आणि ‘ओक्रायीना’ म्हणजे गावाची वेस. दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यातले.