विमानाच्या प्लास्टिक काचेची कड

स्वतःच्या गॅरेजमध्ये हलके विमान बांधणारा माणूस महिनोन्‌महिने ॲल्युमिनिअमचे पत्रे कापतो, हजारो रिव्हेट ठोकतो आणि एखादा वाकडा बसला तर तो काढून दुसरा बसवतो. पण विंडशील्डची पारदर्शक शीट टेबलावर आली की त्याच सरावलेल्या हातांना कापरे भरते. पत्र्यातली चूक बहुधा निस्तरता येते, ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकला गेलेला तडा पुन्हा सांधत नाही. शिवाय तो कापतानाच जाईल असेही नाही. कापून, घासून, स्क्रू बसवून सगळे यथासांग झाल्यावर, एखाद्या थंड सकाळी, विमान हँगरमध्ये नुसते उभे असताना तो उमटलेला दिसतो. त्याचे मूळ शोधत मागे गेले तर माग बहुतेक वेळा शीटच्या कडेवर किंवा एखाद्या भोकाच्या काठावर येऊन थांबतो.

या विमानांत प्रामुख्याने दोन प्लास्टिक वापरली जातात. ॲक्रिलिक हे १९३० च्या दशकात ‘प्लेक्सिग्लास’ आणि ‘पर्स्पेक्स’ या नावांनी बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणे, त्याच्याच होत्या. पॉलीकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीतील बायर आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे सापडले. दोन्हींचे वजन खऱ्या काचेच्या निम्म्याहून कमी. ॲक्रिलिक दृश्य प्रकाशाचा सुमारे ९२ टक्के भाग आरपार जाऊ देते, उन्हाला चांगले टिकते, त्यावर ओरखडेही तुलनेने कमी पडतात; पण ते ठिसूळ आहे. पॉलीकार्बोनेट हातोड्याचा घावही सोसते, परंतु लवकर चरे धरते आणि संरक्षक लेप नसेल तर उन्हाने पिवळे पडते. म्हणून फुग्यासारखी घडवलेली कॅनोपी बहुधा ॲक्रिलिकची असते, तर अगदी हलक्या विमानांची साधी वाकवलेली विंडशील्ड दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पॉलीकार्बोनेटमधून कापली जाते.

उडताना या शीटवर येणारा भार फार मोठा नसतो. ताशी १८० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजनाइतका भरतो आणि तो सगळ्या पृष्ठभागावर वाटला गेला तर प्लास्टिक सहज पेलते. अडचण येते ती हा भार एखाद्या बिंदूपाशी एकवटला की. इंग्रज अभियंता चार्ल्स इंग्लिस याने १९१३ मध्ये त्याचे गणित मांडले. खाच जितकी खोल आणि तिचे टोक जितके अणकुचीदार, तितका टोकापाशी ताण वाढतो. शीटच्या कडेवर फक्त ०.१ मिलिमीटर खोल चरा आहे आणि त्याच्या टोकाची गोलाई ०.००१ मिलिमीटर त्रिज्येची आहे असे धरले, तर त्या सूत्राप्रमाणे टोकावरचा ताण आजूबाजूच्या ताणाच्या सुमारे २१ पट होतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चऱ्याची ही करामत आहे. ॲल्युमिनिअममध्ये अशा ठिकाणी धातू किंचित वाहतो आणि टोक बोथट होते. पॉलीकार्बोनेटच्या लांबलचक रेणुसाखळ्याही एकमेकींवरून सरकून बरेचसे तेच साधतात. ॲक्रिलिकच्या साखळ्यांना ती सवड मिळत नाही, त्यामुळे तडा सुरू झाला की बहुधा आरपार जातो.

आता करवतीचे दाते या कडेवर काय करतात ते पाहू. ॲक्रिलिकची उष्णतावाहकता ॲल्युमिनिअमच्या सुमारे एक हजारांश आहे, म्हणून पात्याच्या घर्षणाने निर्माण झालेली उष्णता कापाच्या जागीच कोंडून राहते. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. पाते बोथट असेल किंवा एकाच जागी रेंगाळले तर भुशाऐवजी चिकट दोरे निघू लागतात आणि कधी कधी पात्यामागे काप पुन्हा चिकटून बसतो. उलट, मोठ्या दात्यांचे पाते घाईने ढकलले तर प्रत्येक दाता कडेचा टवका उडवतो. वरखाली चालणारी जिगसॉ मला या कामासाठी सर्वांत कमी भरवशाची वाटते, कारण ती परतताना शीटला उचलून धरू पाहते आणि नीट न दाबलेली शीट थरथरू लागते. सपाट शीटसाठी बारीक दात्यांची, कार्बाइडची टोके असलेली गोल करवत चांगली चालते. फुगीर कॅनोपीसाठी मात्र अनेक बांधणारे छोट्या ग्राइंडरवर लावलेली अपघर्षक चकती पसंत करतात. तिला दातेच नसल्यामुळे ती कड पकडून ओढत नाही, असंख्य कणांनी पदार्थ खरवडत पुढे जाते. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, कारण पांढरी भुकटी सगळीकडे पसरते.

काही विमानांत विंडशील्ड आणि उघडणारी कॅनोपी हे दोन्ही भाग एकाच अखंड फुग्यातून निघतात, आणि त्यांना वेगळे करणाऱ्या कापाला बांधणाऱ्यांच्या बोलीत ‘बिग कट’ म्हणतात. त्या दिवशी खोली उबदार ठेवण्याचा जो दंडक आहे तो अंधश्रद्धेतून आलेला नाही, कारण थंडीत ॲक्रिलिक अधिक ठिसूळ होते. मात्र हवा तापली म्हणजे शीट तापली असे होत नाही. ती खोलीत काही तास राहू द्यावी लागते. काप शेवटच्या काही इंचांवर आला की सुटणारा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि उरलेली पट्टी करवत पोहोचण्याआधीच फाटते, म्हणून तोपर्यंत कापलेल्या भागावर जागोजागी चिकटपट्टी लावून दोन्ही बाजूंना खालून आधार देतात.

कापण्याच्या रेषेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पुठ्ठ्याचा साचा एकाच दिशेने वळणाऱ्या विंडशील्डसाठी बिनचूक उपयोगी पडतो. दोन दिशांनी फुगलेल्या पृष्ठभागावर सपाट कागद सुरकुत्या न पडता बसूच शकत नाही, हे गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केले होते. तेथे कॅनोपी सांगाड्यावर ठेवायची, खूण करायची, खुणेच्या बाहेर जागा सोडून कापायची आणि पुन्हा ठेवून पाहायची, याला पर्याय नाही.

काप झाला म्हणजे काम झाले असे समजणारे तड्यांना आमंत्रण देतात. करवतीने सोडलेल्या कडेवर इंग्लिसच्या गणितातल्या शेकडो खाचा असतात आणि त्या काढण्यासाठी आधी कानस किंवा १२० क्रमांकाचा सँडपेपर, मग २२०, ४०० आणि ६०० अशा बारीक होत जाणाऱ्या क्रमाने घासावे लागते. शेवटचे हात कडेच्या लांबीच्या दिशेनेच फिरवायचे, कारण शीट वाकताना ताण कडेच्या लांबीने लागतो आणि तिला आडव्या गेलेल्या ओरखड्यांची तोंडे तोच ताण उघडतो. दोन्ही कोपरे किंचित गोल करतात. कडेवरून बोटाचे नख फिरवावे; ते कुठे अडखळले, तर तेवढी जागा पुन्हा घासावी. ज्योतीने कड चकचकीत करण्याची दुकानी पाट्यांची पद्धत येथे टाळलेली बरी, कारण वितळून झटकन थंड झालेल्या थरात अंतर्गत ताण कोंडून राहतो.

भोकांची गोष्ट याहून नाजूक आहे. साध्या ड्रिल बिटच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो आणि ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना प्लास्टिकला स्क्रूसारखे चावते. त्या क्षणी टवका उडतो. ॲक्रिलिकसाठीचे बिट ६० अंशांपर्यंत टोकदार असते, त्याची धार खरवडणारी असते आणि शीटखाली लाकूड घट्ट दाबून धरले की ते भोकातून सावकाश निसटते. भोक स्क्रूपेक्षा मुद्दाम मोठे ठेवतात. एक अंश तापमान वाढले की एक मीटर ॲक्रिलिक सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, तर ॲल्युमिनिअम ०.०२३ मिलिमीटर. पहाटेच्या १० अंशांपासून उन्हात तापलेल्या ५० अंशांपर्यंत प्लास्टिक २.८ मिलिमीटर वाढते आणि त्याखालची चौकट जेमतेम ०.९. हा जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक भोकांत सामावला नाही, तर प्रत्येक स्क्रू दिवसातून दोनदा भोकाच्या काठावर रेटला जातो. म्हणूनच येथे स्क्रू करकचून आवळत नाहीत. खाली रबराचा वॉशर घालतात आणि नट घट्ट झाल्यावर पुन्हा सैल करतात.

ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला रसायनांचे वावडे असते. ॲसिटोन, पेट्रोल, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावण, इतकेच काय स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे द्रवही कडेवर बारीक केसांसारख्या चिरांचे जाळे उमटवते. ताण नसलेल्या तुकड्यावर तेच द्रव पुष्कळदा काहीच करत नाही, त्यामुळे टाकाऊ तुकड्यावर केलेली चाचणी फसवी ठरते.

हा लपलेला ताण पाहण्याची एक सोपी युक्ती पॉलीकार्बोनेटच्या बाबतीत तरी घरीच करता येते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडावे, त्यापुढे कापलेला तुकडा धरावा आणि ध्रुवीकरण करणाऱ्या गॉगलमधून पाहत गॉगल हळूहळू फिरवावा. पडदा काळा झाला की कापाच्या कडेने आणि भोकांभोवती रंगीत पट्टे उजळतात. ॲक्रिलिकमध्ये हा परिणाम फार फिका असतो. भोकात स्क्रू घट्ट पिळून तोच तुकडा पुन्हा धरला, तर स्क्रूभोवती इंद्रधनुष्यी वलये दाटतात, आणि पडद्यासमोर धरूनच नट सैल करत गेले तर ती एकेक करून विरतात.